कोबेच्या बाजारातली हाक

दसरा उलटला की बदलापूरकडून कापलेल्या हळव्या भाताचा वास यायचा. ओलसर, गोडसर, थोडा धुळीचा. आता खाचरं गेली. पालेगावातसुद्धा भाताऐवजी इमारती पिकतात. पण वय झालं की नाक जुन्याच गोष्टी धरून बसतं, त्यामुळे मला तो वास अजून येतो. तो आला की दिवाळीची खरेदी आठवते, आणि खरेदीच्या मागोमाग कोबे. कोबे म्हणजे जपानातलं एक बंदर. अंबरनाथच्या माणसाला दिवाळीत कोबे आठवावं हे विचित्र आहे खरं, पण आठवतं त्याला कोण काय करणार?

परवा नातसून मला सदरा घ्यायला उल्हासनगरला घेऊन गेली. दुकानदाराने किंमत सांगितली आणि हिने फोन पुढे धरला. म्हटलं, अगं, भाव तरी कर. तर म्हणे, आजोबा, इथे एकच भाव असतो. मला राहवेना. सदरा ठेवला, पाठ फिरवली आणि काठी टेकत दुकानाच्या पायरीपर्यंत चालत गेलो. तिथे थांबलो. मागून कुणीही हाक मारली नाही. दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाला पँटी दाखवायला लागला होता. उल्हासनगरात आणि हाक नाही! मला अक्षरशः धक्का बसला. नातसून बिचारी, मला चक्कर आली असं समजून पाणी आणायला धावली.

ही पाठ फिरवायची विद्या माझ्या आईची. किंमत विचारायची, निम्मी सांगायची, वस्तू हळूच खाली ठेवायची, "राहू दे मग" म्हणायचं आणि चालू पडायचं. मागे वळून बघायचं नाही. बघितलं की भाव गेला. पाचव्या-सहाव्या पावलाला हाक येते. नाही आली तर तुमची चाल चुकली. चालीत घाई दिसता कामा नये आणि रेंगाळणंही दिसता कामा नये. आम्हा भावंडांना तिने पाढे शिकवले नाहीत, हे शिकवलं.

आणि तिच्या विद्येला तोडीस तोड माणूस भेटलं ते कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात. लढाईत सोल्जरांसाठी बांधलेल्या बराकी होत्या त्या. फाळणी झाली आणि सिंधमधून आलेली माणसं तिथे आणून उतरवली. एकेका खोलीत मध्ये गोणपाटाचा पडदा टाकून दोन-दोन कुटुंबं. आमच्याकडच्या लोकांनी आधी नाकं मुरडली, आणि वर्ष सरायच्या आत तेच लोक पिशव्या घेऊन कॅम्पात खरेदीला जायला लागले. कॅम्प पाच आम्हाला पायाखालचा, पण आई लांबच्या एक नंबरच्या कॅम्पातच जायची. कारण तिथे ईश्वरीबाई होती.

ईश्वरीबाई सिंध हैदराबादची. उंच, गोरी, डोक्यावरची ओढणी कधी ढळायची नाही. बराकीच्या खोलीच्या पुढच्या अर्ध्यात दुकान, मागच्या अर्ध्यात चूल. दुकानात बटणं, रिळं, फिती, लेस. वारभर लेससाठी आई आणि ती तास-तास भांडायच्या. आई पाठ फिरवून निघायची आणि मागून हाक यायची, "अचो, अचो! भाव तो करो." अचो म्हणजे सिंधीत या. मग आई परत जायची, मग चहा यायचा, मग दोघी आपापल्या भाषेत सुखदुःख बोलायच्या. मी एकदा ईश्वरीबाईला विचारलं होतं की, तुम्ही नेमक्या पाचव्या पावलाला हाक कशी मारता? ती म्हणाली, गिऱ्हाईक पाठ फिरवतं तेव्हा ते जात नसतं, हाकेची वाट बघत असतं. हे तिला तिच्या घरवाल्याने शिकवलं होतं.

हा घरवाला, टहलराम, कोबेला रेशमाचा व्यापार करायचा. तिकडचे कितीतरी लोक असे देशोदेशी दुकानं थाटून बसायचे आणि बायका हैदराबादेत ठेवायचे. तीन वर्षांनी यायचं, चार-पाच महिने राहायचं, परत जायचं. ईश्वरीबाईच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती आणि प्रत्यक्ष संसार दीड-दोन वर्षांचा. मूलबाळ नाही. लढाई लागली, जपान शत्रू झाला, कागद बंद झाले. लढाई संपते न संपते तो फाळणी. ती कॅम्पात आली. तिची सगळी आशा एका गोष्टीवर टांगलेली होती: तो हैदराबादच्या पत्त्यावर कागद टाकत असेल आणि तिथे ते घ्यायला कुणी नसेल. तिने कोबेला टाकलेले कागद शिक्के खाऊन परत यायचे.

यात एक गोष्ट मला लहानपणी कळली नव्हती. तिच्या हातात चुडा होता आणि बराकीतल्या लग्नाकार्यात तिला पुढे करायचं की मागे सारायचं, हेच बायकांना समजत नव्हतं. कुणी नवरीला सजवायला बोलवायचं, तर कुणी ती येताना दिसली की ताट बाजूला घ्यायचं. दोन्ही वेळा ती हसून साजरं करायची. आई घरी येऊन त्या बायकांना जे शिव्याशाप द्यायची ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं. मी अंबरनाथला गिरणीसाठी बॉबिन करणाऱ्या एका कारखान्यात फिटर होतो. कारखान्याने जपानी यंत्र घेतलं आणि ते शिकायला कुणाला पाठवायचं, तर बिनलग्नाचा आणि थोडं इंग्रजी येणारा म्हणून मला. गाव कोणतं? कोबे. आईने हे ऐकलं आणि आनंद-बिनंद बाजूला ठेवून मला तडक एक नंबरच्या कॅम्पात नेलं.

ईश्वरीबाईने गिऱ्हाइकाला वाटेला लावलं, मागे गेली आणि ट्रंकेतून दोन वस्तू आणल्या. दुकानाचा पत्ता छापलेला एक पिवळा लिफाफा आणि एक फोटो. काळी टोपी घातलेला, एक भुवई दुसरीपेक्षा वर चढलेली, असा तरणा माणूस. म्हणाली, "पुट, जिंदा हो तो बोलना, मैं कॅम्प में हूँ, हैदराबाद में नहीं. ना हो तो वो भी आकर बोलना. चूड़ा पहनूँ कि उतारूँ, इतना तो पता चले." पुट म्हणजे बेटा. मी मान हलवली. चोविसाव्या वर्षी माणूस कशालाही मान हलवतो.

कोबेत उतरलो तेव्हा मला वाटलं होतं लढाईत जळालेलं गाव असेल. गाव होतं डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर, आणि झगमगत होतं. हवेत आपल्याकडे पौषात असतो तसा गारवा. फाटकाफाटकांतून शेवंतीच्या कुंड्या. आणि बाजार? अख्ख्या रस्त्यावर छप्पर! एका टोकाला शिरायचं आणि मैलभर सावलीतून चालत दुसऱ्या टोकाला निघायचं, दोन्ही बाजूंना दुकानं. ना ओरडा, ना "या बसा", ना रस्त्यात मांडलेला माल. मोठ्या दुकानात तर जिनाच सरकत वर जायचा. मी त्याच्या पायथ्याशी एवढा वेळ उभा राहिलो की एका म्हाताऱ्या बाईने माझा हात धरून मला वर नेलं.

पैसे देण्याची तऱ्हा आणखी वेगळी. गल्ल्यापाशी एक छोटं ताट ठेवलेलं. मला वाटलं आरतीचं तबक. आपल्याकडे दुकानात देवाचा फोटो असतोच, तसं काहीतरी असेल. मी दोन नाणी त्यात टाकली, नमस्कार केला आणि रुमालाचे पैसे वेगळे काढून त्या पोरीच्या हातात द्यायला गेलो. ती एकदम मागे सरली. मी नोट गल्ल्यावर ठेवून बाहेर पडलो, तर मागून धावत कोणीतरी येतंय. तीच पोर, धापा टाकत, दोन्ही हातांच्या ओंजळीत माझी दोन नाणी घेऊन. वाकून वाकून माझीच क्षमा मागत होती. नंतर कारखान्यातल्या दुभाष्याने सांगितलं की पैसे त्या ताटातच ठेवायचे आणि सुटे त्यातूनच परत घ्यायचे. हाताला हात लावायचा नाही. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

बरं, दोन नाण्यांसाठी गल्लीभर धावणारे हे लोक, पण पाठ फिरवली तर ढिम्म. मी आईसाठी लोकरी शाल बघितली, निम्मी किंमत बोटांनी दाखवली, शाल ठेवली आणि निघालो. पाचवं पाऊल झालं, दहावं झालं, कोपरा आला. शेवटी वळून बघितलं तर दुकानदार दारात येऊन मला वाकून निरोप देत होता! मला रागही येईना आणि हसूही येईना. असं आणखी दोनदा झालं. शाल राहिली ती राहिलीच.

रविवारी कारखाना बंद, म्हणून दर रविवारी टहलरामचा शोध. लिफाफ्यावर बाजाराचं नाव होतं, पेठेचा क्रमांक होता, घराचा क्रमांक होता. म्हटलं, आता काय अवघड आहे? पण तिथे घरांचे क्रमांक ओळीने नसतात. जे घर आधी बांधलं त्याचा आकडा आधीचा. सातच्या शेजारी एकतीस आणि एकतीसच्या मागे दोन. चौकातल्या पोलिसाने नकाशा काढून दिला, मग त्यानेच डोकं खाजवलं आणि मग टोपी काढून सांगितलं की, हा भाग लढाईच्या शेवटच्या वर्षी सगळा जळाला. आकडे आहेत, ती घरं नाहीत. टेकडीकडे काही हिंदी व्यापारी राहत होते, त्यांच्याकडे गेलो. सगळे लढाईनंतर आलेले. एक जण बोलता बोलता म्हणाला की, जुने होते ते लढाईआधीच बोटीने परत गेले, एक-दोघे राहिले. का राहिले म्हणून विचारलं, तर त्याने चहा मागवला आणि विषय बदलला.

असे आठ रविवार गेले. मधल्या एका रविवारी दिवाळी होती. कुणालाच ठाऊक नव्हतं. मी खोलीत मेणबत्ती लावली आणि रडलो, उगाच सांगत नाही. घरी आई फराळाचं करत असेल, कॅम्पात रस्त्यारस्त्यावर पणत्या असतील आणि ईश्वरीबाई गिऱ्हाइकांना हाका मारत असेल.

शेवटचा रविवार. तपास मी सोडूनच दिला होता. आईला काहीतरी न्यायचं म्हणून छपराच्या बाजारात शिरलो आणि गर्दी नको म्हणून मागच्या बोळात वळलो. तिथे एक एवढंसं दुकान. बटणं, फिती, लेस. गल्ल्यावर चाळिशीची एक जपानी बाई, किमोनोत. मी पांढरी लेस उचलली. किंमत तिने कागदावर लिहिली. तीनदा तोंड पोळलं होतं, तरी हाताची सवय कुठे जाते? मी निम्मा आकडा लिहिला. तिने माझ्याकडे बघितलं. मी लेस ठेवली, पाठ फिरवली आणि चालू लागलो.

चौथं पाऊल. पाचवं.

"अचो, अचो! भाव तो करो."

मी जागच्या जागी थांबलो. वळायचं धाडस होईना. वाटलं वळलो तर मागे एक नंबरचा कॅम्प असेल. वळलो. तीच बाई होती. दोन्ही हात गल्ल्यावर टेकून उभी आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

तिचं नाव फुमिको. मोडकं इंग्रजी, त्यात चार-सहा हिंदी शब्द. तिने मला आत बसवलं आणि दुकानाचं दार लावून घेतलं. म्हणाली, माझे यजमान सांगायचे, हिंदी गिऱ्हाईक पाठ फिरवतं तेव्हा ते जात नसतं, हाक मारायची. ते गेल्यापासून असं पाठ फिरवून कुणी गेलंच नाही. तुम्ही पहिले. भिंतीवरच्या फळीवर उदबत्ती होती, पाण्याची वाटी होती आणि त्यामागे फोटो. केस पांढरे झालेले, टोपी नाही. पण एक भुवई दुसरीपेक्षा वर चढलेली.

ते बॉम्बच्या आगीत गेले होते. त्याआधी त्यांनी हिला आणि तान्ह्या मुलीला डोंगरापलीकडे माहेरी पाठवलं होतं, सोबत एक पेटी देऊन. मुलगी आता मिशनच्या शाळेत होती, इंग्रजी शिकत होती. हे सगळं ती सांगत होती आणि माझ्या डोक्यात एकच भुंगा: लढाईआधी सगळे परतले आणि हा का राहिला, ते मला दिसत होतं. माझ्यासमोर बसून चहा ओतत होतं.

मग तिने विचारलं, तुम्ही मुंबईकडचे, तर तुम्हाला ईश्वरी ठाऊक आहे का?

मी पेला खाली ठेवला.

ती म्हणाली, त्यांची बहीण. हैदराबादेत होती. एकुलती एक. लढाई लागेपर्यंत दर महिन्याला तिला पैसे पाठवायचे, तिच्याविषयी किती मायेने बोलायचे. ती आहे का हो?

आजही हे लिहिताना मी हादरतो. त्या माणसाचा राग येऊन नाही. तो केव्हाच राख झाला होता. माझ्या तोंडून जे निघालं त्याने हादरतो. मी म्हणालो, "हो, आहे. तुमची नणंद सुखरूप आहे." दुसरं काय म्हणणार होतो? ते ऐकून ती बाई ओंजळीत तोंड घेऊन रडायला लागली, की जगात त्यांचं कुणीतरी उरलंय. निघताना तिने पेटीतून एक पितळी गज काढला, कापड मापायचा, हैदराबादहून आणलेला. कागदात गुंडाळला, त्याला अशी देखणी गाठ मारली की सोडवत नाही, आणि नणंदेला द्या म्हणाली. लेसचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

बोटीवर वीस दिवस मी खोटं बोलण्याचा सराव केला. घरी पोचल्यावर आईला एकटीला गाठून सगळं सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, गेला एवढं सांग. बाकीचं पोटात ठेव, आणि पोटात राहत नसेल तर जीभ चावून धर, पण सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कॅम्पात गेलो. वाटेत आईने एकदाही चपलेबद्दल, उन्हाबद्दल कुरकुर केली नाही.

मी सांगितलं. बॉम्बमध्ये गेले, बारा वर्षं झाली. गज पुढे केला. ईश्वरीबाईने ती गाठ न तोडता सावकाश सोडवली, कागदाची घडी केली, गज हातात घेतला आणि त्यावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग चुडा उतरवायला लागली. आईने तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं, निभावलं.

तिने न बघताच विचारलं, "ये गाँठ किसने बाँधी?"

मी म्हणालो, दुकानाच्या नोकराने. ती म्हणाली, "पुट, सब लौट आए, वो रह गया. मैं पगली नहीं हूँ. बोल."

आईने माझा दंड धरला. मी तरी सांगितलं. फुमिको, मुलगी, दुकान, हाक, सगळं. ती ऐकत होती आणि एकेक बांगडी गल्ल्यावर ठेवत होती. ते संपल्यावर तिने एवढंच विचारलं, की त्या बाईला माझं नाव ठाऊक होतं का? मी हो म्हणालो. कोण म्हणून?

एवढ्या वर्षांत मी पुष्कळ अवघड बोललो असेन, पण त्या दोन शब्दांसारखं नाही. मी म्हणालो, "बहीण म्हणून. मीही तेच सांगून आलो."

आता ती ओरडेल, गज फेकून मारेल, मला हाकलून देईल, याची मी वाट बघत राहिलो. बाहेर एक गिऱ्हाईक रीळ मागत होतं, त्याला तिने हातानेच थांब म्हटलं. उघडे, पांढरे पडलेले हात मांडीवर घेऊन बसली. मग फळीवरून कागद काढला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, इंग्रजीत लिही, मुलगी वाचून दाखवेल.

"लिख. भाभी, तू अकेली नहीं है. इधर तेरी ननद बैठी है. बच्ची को पढ़ाना, और कुछ लगे तो मुझे बोलना."

मी लिहिलं. शब्दाला शब्द तेच लिहिलं. मग तिने कागद स्वतःकडे ओढला आणि खाली तिच्या लिपीत दोन-चार शब्द लिहिले. आम्हाला ती लिपी येत नव्हती. काय लिहिलंस, म्हणून आईने अगदी हळू आवाजात विचारलं, तर तिने वाचून दाखवलं.

"टहलराम की बहन, ईश्वरी."